शेवटचा नंबर

"झालं ना तुझं? मग तो मास्क बाहेरच्या नळावर ने आणि धुऊन आण. साबण लावून. दोनदा."

शिबिराचे सर हे म्हणाले तेव्हा मी चाचणीच्या सायकलवरून नुकतीच उतरले होते. पाय थरथरत होते. तोंडात रक्ताची चव. डोळ्यांपुढे काजवे. माझ्या आधी आठ जणांनी तोच मास्क तोंडाला लावला होता. प्रत्येकानंतर तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, झटकला आणि पुढच्याच्या तोंडावर चढवला. आठही वेळा हेच. धुवायचा तो फक्त माझ्यानंतर.

मी गेले. धुतला. दोनदा. एप्रिलची दुपार होती, नळाला कढत पाणी येत होतं. आणि खरं सांगते, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरी शेवटी जेवते ती भांडी घासते. तसंच हे, असं मी धरून चालले. उलट मी खुशीत होते. इतकी बावळट होते मी.

मी तेव्हा सतरा वर्षांची. आमचा पाडा पेठच्या पुढे. आम्ही कोकणा आदिवासी. माझा बा रस्त्यावर मैलकुली आहे, म्हणजे सरकारी रस्त्याचे खड्डे भरायचे, गटारं उपसायची, दरड आली की दगड बाजूला करायचे. कितीतरी वर्षं त्याची गँग सावळघाटात होती. सुट्टीत घरी आले की त्याची भाकरी पोचवायचं काम माझं. शाळेकडून मिळालेली सायकल, बिनगिअरची, पुढे जाळी, जाळीत डबा. त्या सायकलवर मी घाट चढायचे. उतरून ढकलायचं नाही, असा मी माझ्याशीच नियम केला होता. ट्रकवाले हॉर्न देऊन हसायचे. मी त्यांना शिव्या द्यायचे. श्वास उरला तर.

आश्रमशाळेतल्या खेळाच्या सरांनी मला एका डोंगरी शर्यतीत उतरवलं. सायकल कोणाची तरी मागून आणलेली, सीट माझ्यापेक्षा उंच. मी पहिली आले. त्यावरून मला नाशिकच्या शिबिराचं बोलावणं आलं. त्र्यंबक रस्त्यावर एका मोठ्या माणसाचं फार्महाऊस, मागे डोंगर, डोंगरात सायकलच्या वाटा. तीन आठवडे. आम्ही नऊजण, पाच मुलगे आणि चार मुली. चार मुलींपैकी दोघींची नावं राज्याच्या संघासाठी पुढे जाणार होती. ज्यांचं नाव जाईल त्यांना चांगली सायकल, प्रशिक्षक, बाहेरच्या शर्यती. ज्यांचं जाणार नाही त्यांचं काय, ते प्रत्येकीचं वेगळं होतं. माझं सांगते. माझ्या आत्याने स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. बारावी झाली की बार उडवायचा, असं घरात ठरल्यासारखंच होतं. माझं नाव या शिबिरातून पुढे जायला हवं होतं, ते एवढ्यासाठी.

नाव कोणाचं जाणार ते चाचणीवर ठरणार होतं. शिबिरात तीन चाचण्या. सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटच्या दिवशी एक. सायकल एका यंत्रावर बसवलेली. नाकातोंडावर घट्ट मास्क, मास्कला नळी, नळी संगणकाला. दर मिनिटाला यंत्र पायडल जड करत जातं. तुम्ही थांबेपर्यंत. तुमचं शरीर किती ऑक्सिजन वापरतं, त्याचा शेवटी एक आकडा निघतो. शिबिराचे सर म्हणायचे, "डोंगर खोटं बोलेल, मशीन बोलत नाही."

एक नियम होता. चाचणीच्या आधी तीन तास काही खायचं नाही. पाणी चालेल.

पहिल्या दिवशी भिंतीवर चाचणीच्या नंबरांची यादी लागली. पहिलं नाव सईचं. सई गंगापूर रोडची, तिच्या वडिलांच्या द्राक्षबागा, फार्महाऊस त्यांच्याच ओळखीतलं. नववं नाव माझं. सगळ्यात खाली. मी धावत जाऊन बाला फोन लावला.

"बा, मला शेवटी ठेवलंय."

"शेवटी? मंग काय!" तो ओरडलाच. "यात्रंत शेवटची कुस्ती कोनाची लागते? बारकी पोरं आधी. मोठा पैलवान शेवटी. लोकं त्याच्यासाठीच थांबतात."

माझ्याही मनात तेच होतं. आमच्याकडच्या यात्रेत सकाळपासून रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, आणि दिवस कलला की शेवटची, मानाची. शेवटी नाव पुकारलं जाणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बाने त्याच दिवशी सगळ्या गँगला सांगितलं. मी शर्यत जिंकले ते त्यांना सगळ्यांना ठाऊकच होतं. आता शहरातल्या सरांनीही पोरीला ओळखलं, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. दुसऱ्याने नाही, आम्हीच आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

एकेकाला पाऊण तास लागायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सई बसली. तेव्हा शेडमध्ये गार होतं, पंखासुद्धा लागत नव्हता. आठ वाजता तिने पोहे खाल्ले. मग दुसरा, तिसरा. जो उतरेल तो पोह्यांकडे. मी बाकावर बसून होते. यंत्र सांभाळायला एक दीपा मॅडम होत्या, नुकत्याच शिकून आलेल्या, आवाजाने गोड. मी त्यांना विचारलं, थोडं खाऊ का? त्या म्हणाल्या, "तुझा नंबर कधी लागेल सांगता येत नाही गं. खाल्लंस तर आकडा चुकेल."

आकडा चुकू नये म्हणून मी बसून राहिले. रात्री आठला जेवले होते ते तेवढंच. दुपारी दीडला माझं नाव पुकारलं. शेडवर पत्रे. आत भट्टी. तोवर एक पंखा आणला होता, पण तो माझ्याकडे नव्हता. संगणक तापत होता म्हणून तो त्याच्याकडे वळवलेला. घाम मला फुटत होता आणि वारा संगणकाला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते मी स्वतः बघितलंय.

माझा आकडा नऊजणांत सगळ्यात खाली आला.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना गोलात बसवून आकडे वाचले. माझ्या नावापाशी आले आणि कागद खाली ठेवला. "हिला चढावर बघून मी फसलो," ते म्हणाले. "यांना डोंगराची सवय असते. सवय म्हणजे फिटनेस नव्हे. इंजिन लहान आहे." दोन मुलगे हसले. आदल्याच दिवशी चढावर त्या दोघांना मी मागे टाकलं होतं. ते त्यांनाही माहीत होतं. तरी हसले. आणि मीसुद्धा हसले, हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

कारण मी त्यांचं खरं मानलं. यंत्र खोटं बोलत नाही ना. मग माझीच छाती खोटी. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पळायला लागले. दुपारी बाकीचे झोपायचे तेव्हा जिन्यावर चढउतार करायचे. डोंगरात सायकल चालवताना पहिल्यांदाच मी माझा श्वास ऐकायला लागले. घाटात मी तो कधी ऐकला नव्हता, तो आपोआप यायचा. आता प्रत्येक वळणावर वाटायचं, आता संपेल, आता उघडं पडेन. त्यांनी माझं काय नेलं असेल तर ते हे. आकडा नंतरचा.

दहा दिवसांनी दुसरी चाचणी. यादी तीच. पुन्हा दीड वाजला. पुन्हा उपाशी. आकडा आणखी घसरला. पुन्हा मास्क, नळ, साबण.

त्या संध्याकाळी मी आणि सई पायरीवर बसलो होतो. सई वाईट मुलगी नाही, हे आधी सांगते. खाऊ वाटून खायची, माझी चेन एकदा तिनेच बसवून दिली. त्या दिवशी तिला सर्दी झाली होती, नाक लाल. ती म्हणाली, "शेवटच्या नंबराचा तुला वैताग नाही येत? किती वेळ उपाशी राहतेस!"

मी म्हणाले, "शेवटचा नंबर मोठा असतो."

"मोठा? अगं, मम्मीने सरांना सांगितलंय. मास्क एकच आहे ना. आणि तू आश्रमशाळेतली. तिथे खरूज-बिरूज असते म्हणे. हायजीनसाठी गं. तुला माहीत नव्हतं?"

तिने हे अगदी प्रेमाने सांगितलं. नाक पुसत.

मला पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा मी माझे हात बघितले. बोटांच्या बेचक्यात बघितलं. पाचवीत मला खरूज झाली होती, खरं आहे. सगळ्या खोलीला झाली होती. एका अंथरुणात तिघी झोपलो की होते. पण शिबिराला येताना पेठच्या सरकारी डॉक्टरांनी मला तपासून शिक्का मारून दाखला दिला होता, आणि तो सरांच्या फायलीत होता. अंगावर एक पुळी नव्हती. आणि जिचं नाक गळत होतं तिचा नंबर पहिला.

मग राग आला. पण त्याआधी मला बा आठवला. तो घाटात फावडं टेकवून गँगला सांगतोय, आमच्या पोरीची शेवटची कुस्ती. माझा अपमान मी गिळलाही असता. आम्हाला ते शिकवायला लागत नाही. पण ज्याला हे लोक विटाळ म्हणत होते, त्यालाच आम्ही मान समजलो आणि गावभर मिरवलं. ते मला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी मी दीपा मॅडमच्या टेबलाजवळ गेले. चाचणीचा तक्ता तिथे होता. नाव, वजन, आकडा. त्याच्या पुढे आणखी तीन रकाने. चाचणीची वेळ, खोलीतलं तापमान, किती तास उपाशी. सईच्या ओळीत लिहिलेलं, सकाळ, चोवीस, अकरा तास. आणि तिच्या खाली नवव्या ओळीपर्यंत तेच ते म्हणून दोन-दोन टिंबं मारत नेलेली. माझ्या ओळीतही टिंबं. म्हणजे कागदावर मीसुद्धा सकाळच्या गार हवेत बसले होते. फक्त अकरा तासांची उपाशी.

"मॅडम, माझी तर दुपारी झाली ना?"

"अगं, एकाच दिवशी झाली ना सगळ्यांची. ते रकाने काय, भरायचे म्हणून असतात." त्यांनी तक्ता उलटा ठेवला. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. नव्हतं म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी बाला फोन केला. "बा, ती शेवटची कुस्ती नव्हती," म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मोठ्या लोकांच्या तोंडी लागू नको. तोंड मिटून दिवस काढ. नाव गेलं म्हंजे झालं."

"असं नाव नाय जानार, बा. मी असं नाय बसनार आता."

"मंग सायकल ठिव तिथं अन् घरी ये." फोन कट.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आईवडील आले होते. माझा बा सोडून. सकाळी पावणेसातला मी शेडमध्ये गेले आणि यंत्राजवळच्या खुर्चीवर बसले. ज्याचा नंबर लागणार तो तिथे बसतो.

सर आले. "तुझं नाव नववं आहे."

"आज मला पहिलं घ्या, सर."

"यादी लागली आहे."

"यादी कशावरून लावली, सर?"

सगळे बघत होते. सईची आई पुढे आली. रेशमी कुर्ता, गॉगल डोक्यावर, आवाजात मध. "अगं बाळा, त्यात एवढं काय? कोणीतरी लास्ट असणारच ना."

"मग आज सई बसेल शेवटी."

"नाही गं, तिला उपाशी राहिलं की ॲसिडिटी होते."

हे त्या सहज बोलून गेल्या. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं नाही. मी म्हणाले, "पोट मलाही आहे. आणि आजपासून मास्क मी धुणार नाही. सगळ्यांचा पुसता तसा माझाही पुसा."

सर लाल झाले. "शिस्त मोडणाऱ्याला टेस्ट मिळत नाही. नवव्या नंबरला बसायचं असेल तर बाकावर बस. नाहीतर विषय संपला."

मी शूर नव्हते. समोर दोन रस्ते होते आणि एका रस्त्याच्या तोंडाशी आत्याने आणलेलं स्थळ उभं होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. मी खुर्चीवरून उठले. बाकावर नाही गेले. शेडच्या दाराशी टेबलावर पोह्यांचं पातेलं होतं. मी एक ताटली घेतली, भरून पोहे घेतले, वर शेव घातली, लिंबू पिळलं आणि सगळ्यांसमोर उभी राहून खायला लागले. सात वाजता. आता तीन तास तरी मला कोणी यंत्रावर बसवू शकत नव्हतं. यादी तिकडे, मी इकडे. पोहे गरम होते. मी ताटली संपवली.

मी बाकावर बसले नाही, आणि दुपारी सरांनीही माझं नाव पुकारलं नाही. आठजणांची चाचणी झाली. नववी झाली नाही.

संध्याकाळी तक्त्यावर सह्या करायच्या होत्या. ज्याची ओळ त्याची सही. तो कागद निवड समितीकडे जाणार होता. माझ्या ओळीत तिसऱ्या चाचणीपुढे रेघ, आणि आधीच्या दोन्हींपुढे तीच टिंबं. मी दीपा मॅडमचं पेन घेतलं, टिंबं खोडली आणि वर लिहिलं, "दुपारी दीड. सतरा तास उपाशी. पंखा संगणकाकडे." दोन्ही चाचण्यांपुढे. माझं अक्षर चांगलं आहे. सावकाश, वळणदार लिहिलं.

"कागद खराब केलास तू," सर म्हणाले. "हा वर जातो."

"म्हणूनच लिहिलं, सर."

त्यांनी नवा तक्ता करायला लावला. दीपा मॅडम खाली मान घालून पुन्हा टिंबं मारत गेल्या. त्यावर मी सही केली नाही. मग माझ्या ओळीत सरांनी स्वतः लिहिलं, "शिबिर अर्धवट सोडले." मी त्यांच्या समोर उभी होते. शिबिराचा टी-शर्ट अंगात. एकवीस दिवसांत एक दिवस चुकला नव्हता.

नाव गेलं नाही. सईचं गेलं, आणखी एकीचं गेलं. सई मेहनती आहे, तिचं जावं. पण त्या एकवीस दिवसांत चढावर ती एकदाही माझ्या पुढे गेली नाही, आणि हेही कुठेतरी लिहिलेलं असायला हवं म्हणून लिहिते.

घरी गेले तर बा आठ दिवस बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "सही केली असती तर काय झडलं असतं तुझं?" आम्ही कडाकडा भांडलो. स्थळाला मी नाही म्हणाले, त्यावरून पुन्हा भांडलो. शेवटी आईने मध्ये पडून मला नाशिकला कॉलेजात पाठवलं. बाचं अजूनही तेच मत आहे. जन्मभर त्याने साहेबांपुढे मान खाली घालून चूल पेटती ठेवली, मी त्याला दोष देत नाही. पण त्याची मान मी माझ्या खांद्यावर घेणार नाही.

आज मी वीस वर्षांची आहे. मैत्रिणीच्या भावाची जुनी माउंटन सायकल घेतली आहे, रोज पहाटे पांडवलेण्यांच्या मागच्या वाटांवर चालवते. पुढच्या महिन्यात पुन्हा निवड चाचणी आहे. समितीत तेच सर आहेत, हे मला कळलं आहे. ओळखीचे लोक म्हणतात, जाऊ नकोस, तुला घेणार नाहीत. न घेवोत. मी अर्ज भरला आहे आणि मी जाणार आहे.

यंत्रावर बसण्याआधी मी घड्याळ बघणार, भिंतीवरचं तापमान बघणार आणि ते तीन रकाने माझ्या हाताने, शाईच्या पेनने भरणार. लिहू दिलं नाही तर पायडलवर पाय ठेवणार नाही. घरी पाठवलं तर पुढच्या चाचणीला परत उभी राहीन, त्याच्या पुढच्यालाही. माझा दम मोजायचा असेल तर सगळ्यांना त्याच उन्हात, तेवढंच उपाशी बसवून मोजा. नाहीतर निघेल तो आकडा तुमचा आहे. त्यावर माझी सही मिळणार नाही.